कोयनेचा भूकंप मी नागपुरात पाहिला

नागपूरला जायचं ठरलं ते चुलीपुढं. दिवाळीला माझी नात वंदना घरी आली होती. ती नागपुरात धंतोलीला खोली घेऊन राहते, एम.ए. करते. मी पुऱ्या तळत होते, ती पाटावर बसून गरमागरम उचलत होती, आणि मी आपली सुखात होते. नात जेवते आहे, बडबडते आहे, म्हातारीला आणखी काय लागतं? सहज विचारलं,

"तुह्या सरानं यंदा काय काम देल्लं वं?"

"जुने पेपर वाचाचे आहेत, आजी. सदुसष्टच्या कोयनेच्या भूकंपाचे. जमीन हालली त्या दिवसापासून तं लोकायची घरं पुन्हा उभी झाली तोवर. पेपरात काय आलं न काय नाही आलं, ते पाहाचं."

कढईतली पुरी काळी झाली.

"आजी, पुरी!"

"जळू दे. मले नेशीन का सोबत?"

वंदनाला एवढंच ठाऊक होतं, की आजीची एक बहीण होती आणि ती गेली. नाव शेवंता. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, माझ्याच कडेवर वाढलेली. तिचा अंबाडा कायम डावीकडं कललेला असे. लहानपणी उजव्या कानामागं भाजलं होतं, तिथं आकडा टोचे. लग्न होऊन ती पार कोयनेला गेली, पाव्हणे, म्हणजे तिचे यजमान, तिकडं धरणावर वायरमन होते. एकदाच माहेरपणाला आली तेव्हा सांगत होती, "बाई, तिकडं चार-चार महिने लुगडं वाळत नाही. खाटीवर पसरायचं न खाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची." आमच्याकडच्या उन्हाला ती किती हसली होती! अंगणात लुगडं टाकलं आणि पाणी पिऊन येते तोवर वाळलं, म्हणून हसली.

त्या डिसेंबरात तार आली. पाव्हणे रातपाळीला होते. ते घरी पोचले तोवर लोकांनी शेवंताला उचलून नेलेलं. कोणत्या वेळी गेली, कोणाजवळ गेली, त्यांनाही ठाऊक नव्हतं. महिन्यानं ते आमच्याकडं आले, ओसरीवर बसले, "घर पडलं" म्हणाले, आणि दुसरा शब्द बोलले नाहीत. पुढं त्यांनी दुसरं लग्न केलं. माणूस तरुण होता, बरंच झालं.

आता त्या फोटोचं सांगते, म्हणजे मी नागपूरला काहून गेले ते कळेल. तेव्हा आमच्या गावात पेपर एकच यायचा, किराणा दुकानाच्या शेठजीकडं, दुपारच्या एसटीनं. पारावर एकजण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे, आणि पंधरा-वीस दिवसांनी त्याच पेपरच्या पुड्या व्हायच्या. संक्रांतीला मी तीळ आणले. पुडी सोडून ताटात ओतले, कागद चुलीकडं टाकणार, तर त्यावर फोटो. पडलेल्या घरांची रांग. दाराची एक चौकट तेवढी उभी. तिच्यापुढं खाट, खाटीवर पाठमोरी बसलेली एक बाई. अंबाडा डावीकडं कललेला. मान उजवीकडं वळवून ती कोणाशी तरी बोलत होती, आणि नेमकी तिच्या गालावरून कागदाची फाटकी कड गेलेली. शेठजीनं पुडीच्या मापानं पान मधोमध फाडलं होतं.

मी तशीच दुकानात पळाले. शेठजीनं बिचाऱ्यानं सगळी रद्दी उपसली, दुसरा अर्धा नव्हता. कोणाच्या तरी पिशवीतून गेलेला. मग मी घरोघर फिरले. सणाचा दिवस, बायांना वाटलं वाण लुटायला आली. "तुह्याकडं पुडी कशाची आली वं? कागद कुठी आहे?" एकीनं चूल पेटवलेली. एकीनं फळीवर अंथरलेला, पण तो दुसराच. एकीच्या पोरानं पतंग केलेला, तो खाली उतरवून पाहिला, त्यावर साबणाची जाहिरात. माझा अर्धा कागद घेऊन मी घरी आले आणि कुंकवाच्या पेटीत, आरशाच्या मागं खोचून ठेवला. तेव्हापासून तो तिथंच होता.

जमीन हालली ती पहाटेच्या आधी, माणसं झोपेत. फोटो तर लख्ख उन्हातला. म्हणजे ती बाई शेवंता असेल, तर ती भिंतीखाली लगेच गेली नाही. निदान ते ऊन तिच्या पाठीवर पडलं, कोणीतरी तिच्याशी बोलत होतं. नसेल, तर ती झोपेतच गेली, तिला काही कळलंच नाही. यातलं आपल्याला कोणतं पाहिजे, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलं नाही. पण तो गाल एकदा पाहायचा होता.

आमचे घरचे, म्हणजे वंदनाचे आजोबा, म्हणाले, "सोळा वर्स फोटोले काही झालं नाही, आता काय पळून चालला? कापूस वेचाचा आहे."

मी म्हटलं, "कापूस पळून चालला का?" आणि पिशवी भरली.

आर्वीहून सकाळची एसटी धरा. थंडीत जाणार असाल तर उजव्या हाताची खिडकी पकडा, तळेगाव सुटलं की ऊन मांडीवर येऊन बसतं. कारंज्यापर्यंत रस्ता बरा, पुढं मधेमधे खडीचे ढीग आणि डांबराचे पिंप, तिथं ड्रायव्हर गाडी अशी काढतो, की मागच्या बाकावरच्या माणसाला वरचा पत्रा दिसतो. कोंढाळीला गाडी थांबते. तिथं चहा घ्या, पण भजी घेऊ नका. संत्री मात्र घ्या. रस्त्याच्या कडेला टोपल्या लावून बाया बसतात, बसच्या खिडकीतून एक भाव सांगतात आणि खाली उतरलं की निम्मा. मी भाकरी आणि ठेचा बांधून नेला होता. शेजारच्या बाईनं तिची वांग्याची भाजी दिली, मी ठेचा दिला, बाजारगाव येईस्तोवर तिच्या सुनेचं सगळं मला पाठ झालं.

गणेशपेठेच्या स्टँडवर वंदना न्यायला आली होती. सायकलरिक्षात बसलो. मी म्हटलं, "पोरी, मी उतरून चालते, त्या माणसाले चढ ओढवून नाही राहिला." रिक्षावाला म्हणाला, "बसा, माय. तुमच्याहून जड पोते ओढतो मी." मला फार बरं वाटलं. एवढं शहर, एवढी गर्दी, आणि कोणी माय म्हणतं.

धंतोलीची एक गंमत सांगते. तिथं एक दवाखाना सोडला की दुसरा दवाखानाच आहे. चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया, कुठकुठले लोक गाठोडी घेऊन आलेले. वंदनाच्या घरमालकिणीच्या दोन खोल्यांत अशाच पेशंटच्या नातेवाइकांचा मुक्काम. मी अंगणात पाय धुते तोवर तिघींनी विचारलं.

"कोणता दवाखाना, आजी?"

"मी काही दवाखान्यात नाही आली."

"मंग कोण आहे भरती?"

"कोणी नाही. पेपर वाचाले आली."

ती बाई माझ्याकडं बघतच राहिली. मग दुसरीला हळूच म्हणाली, "डोक्याचा दिसते." आम्ही दोघी, आजी-नात, खोलीत शिरून इतक्या हसलो, की घरमालकीण चहा घेऊन आली आणि तीही हसायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्रीपोहे खाऊन बर्डीच्या बाजाराकडं निघालो. पोह्यांवरचा तो तिखटजाळ रस्सा, तर्री, जपून घ्या, नाकातून पाणी येतं. जुन्या पेपरांचं ग्रंथालय तिथून चालत जाण्यासारखं आहे. जाणार असाल तर नाकाला बांधायला धुतलेलं फडकं न्या, धुळीनं शिंका थांबत नाहीत. आणि ग्रंथपालांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, फायली वरच्या मजल्यावरून आणाव्या लागतात. एकेक फाईल म्हणजे दळणाच्या पाटीएवढी. पुठ्ठ्यात बांधलेले महिन्या-महिन्याचे पेपर, कडा तपकिरी झालेल्या.

मी आपलं सवयीनं बोट जिभेला लावलं.

"आजी!" ग्रंथपाल तिकडून ओरडले. "थुकी नका लावू बोटाले. कागद पापडासारखा झाला आहे."

"पापड तं मी जपूनच उचलते, भाऊ." आणि खाली दोन्ही तळवे घालून, उन्हातला अर्धा ओला पापड उलटावा तसं मी पान उलटलं. ग्रंथपालांनी ते पाहिलं, मान हलवली, आणि मग मला काही म्हणाले नाहीत.

पण खरी अडचण दुसरीच. मी दुसरीपर्यंत शिकलेली. वाचता येतं, पण मोठ्यानं. मनातल्या मनात वाचायला गेलं, की अक्षरं नुसती दिसतात, आत उतरत नाहीत. त्या शांत खोलीत मी पहिली ओळ वाचली आणि चार परीक्षावाल्या पोरांनी एकदम "श्श्!" केलं. वंदना लाजली. मी तोंड मिटलं. तेवढ्यात कोपऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ उठून आले, खुर्ची ओढत.

"वाचा, बाई. माह्ये डोळे गेल्याले दोन वर्स झाले. रोज येतो, पेपरचा वास घेतो न घरी जातो. मोठ्यानं वाचा."

ग्रंथपालांनी शेवटी आम्हाला मागच्या व्हरांड्यात टेबल लावून दिलं. म्हातारबाबा आलेच. थोड्या वेळानं श्श् करणाऱ्यांतले दोघे पण येऊन कठड्यावर बसले. आमच्या पारावर पेपर वाचत तसं मी वाचू लागले, आणि वंदना आपल्या वहीत उतरवू लागली.

अशा तऱ्हेनं मी तो भूकंप पाहिला. पहिल्या दिवशी बातमी लहान. जमीन हालली, मुंबई-पुण्यापर्यंत भांडी वाजली, लोक रस्त्यावर आले. कुठं किती झालं याचा पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी अक्षरं मोठी झाली. तिसऱ्या दिवशी आणखी मोठी. मेलेल्यांचा आकडा रोज वेगळा. मी तो वाचताना दर वेळी थांबायची. वंदनाच्या लक्षात आलं, तिनं आकड्यावर हळूच बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे मी लिवून घेते, आजी. तू पुढचं वाच."

"वाचू दे. त्यातली एक आपली आहे."

म्हातारबाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग थंडीच्या बातम्या. लोक उघड्यावर, पडलेल्या घरात जायला भीती, उभ्या असलेल्या घरात जायला तर जास्तच भीती. जमीन पुन्हा पुन्हा हालत होती. धान्य, कांबळी, तंबू. नागपूरच्या शाळांतली पोरं डबे घेऊन मदत गोळा करत फिरली, ते आलं होतं. आमच्या गावानंही तेव्हा पोतंभर ज्वारी आणि घोंगड्या पाठवल्या होत्या. मी खूप शोधलं, आमचं पोतं पेपरात नव्हतं. जाऊ दे, कोणीतरी भाकरी खाल्ली असेल.

दर पानावर मी आधी फोटो बघायची. पिशवीतून माझा अर्धा कागद काढून बाजूला ठेवलेला. पडकी घरं पुष्कळ, खाटा पण होत्या, रडणाऱ्या बाया होत्या. माझी नव्हती. डिसेंबर संपला. दुसऱ्या दिवशी जानेवारीची फाईल काढली, संक्रांतीपर्यंत आलो, नव्हती. वंदनानं तिच्या हुशारीनं फोटोची उंची पट्टीनं मोजून सगळी पानं पुन्हा पाहिली. नव्हती.

"शेठजीकडं दुसराच पेपर येत असन, आजी."

"नाही वं. पेपरच्या नावावरचा तो सूर्य मले ओळखू येते. रोज पुडीवर पाहाची मी." फाईलवरही तोच सूर्य होता.

वंदनाचं काम मात्र जोरात चाललं होतं. त्याच दुपारी ती म्हणाली, "पाहून राहिली का, आजी? आधी पूर्ण पान. मंग अर्ध. मंग तिसऱ्या पानावर. आता ही पाह्य, पाचव्या पानावर, जाहिरातीखाली. बातमी लहान-लहान होऊन राहिली न घरं बांधाचं काम तं आत्ता मोठं झालं." खरंच होतं ते. पत्र्याच्या खोल्या झाल्या, तर चार ओळी. उन्हाळ्यात पत्रा तापतो म्हणून बायांनी तक्रार केली, तर दोन ओळी. नवी घरं, छप्पर हलकं, भिंतीत मधे पट्टा घालून बांधायची, हे कुठंतरी कोपऱ्यात. शेवटी पुढल्या फायलींत एक बारीकशी बातमी सापडली, एका वस्तीतल्या लोकांना नव्या घरांच्या किल्ल्या दिल्या म्हणून. बोटभर जागा. मी ती तीनदा वाचली. म्हातारबाबा म्हणाले, "चला, राह्याले गेले बिचारे." जसे काही त्यांचेच पाव्हणे.

तिसऱ्या दिवशी फायली परत करताना ग्रंथपालांनी माझा कागद हातात घेतला. फोटो पाहिला, उलटा केला. मागं कापसाचे भाव होते. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट.

"आजी, हा तुम्हाले इथं नाही मिळणार. ही डाक आवृत्ती आहे."

"म्हणजे कोणती?"

"बाहेरगावचा पेपर संध्याकाळीच छापतात, रातच्या गाडीनं पाठवाले. शहराचा मंग मध्यरात्री छापतात. तेवढ्यात नवी बातमी आली, मोठा फोटो आला, का जुना काढून टाकतात. फायलीत आम्ही शहराचाच लावतो. पयलेपासून तसंच आहे."

"म्हणजे गावाकडच्यायले एक भूकंप न शहराले दुसरा?"

कठड्यावरची पोरं हसली. ग्रंथपाल हसले नाहीत. म्हणाले, "असंच झालं म्हणा."

"मंग गावाकडचा कोण ठेवते?"

"कोणी नाही, आजी. त्याच्या पुड्या होतात."

त्या दिवशी आम्ही छापखान्यातही जाऊन आलो. तिथल्या माणसानं चांगुलपणानं चहा पाजला, पण फोटोचे ठसे केव्हाच मोडीत गेले होते आणि त्यांच्या कपाटात पण शहराचीच फाईल. म्हणजे माझी ती बाई कुठंच नव्हती. नागपुरात नव्हती, छापखान्यात नव्हती. होती ती माझ्या कुंकवाच्या पेटीत, आणि ती पण अर्धी.

ग्रंथालयातून निघताना ग्रंथपाल म्हणाले होते, "आजी, तुम्ही म्हणत असान तं हा तुकडा इथं लावून घेतो. कोणत्याच फायलीत नाही हा. पण तुमच्या बहिणीचा आहे, तुम्ही ठरवा." वंदनाच्या कामाला तो कागद सोन्यासारखा होता, पण पोरीनं एकदाही 'दे' म्हटलं नाही.

संध्याकाळी बर्डीवर हिंडलो. नागपूरला गेलात तर संत्र्याची बर्फी घ्या, आणि कोथिंबीर भरलेली पुडाची वडी गरम असेल तरच घ्या. मी घरच्यांसाठी मफलर घेतला. दिव्यांची एवढी रोषणाई, रस्त्यावर स्वेटरांचे ढीग, पोरी सायकलवरून घंटी वाजवत चाललेल्या, आणि माझी नात माझा हात धरून मला रस्ता ओलांडून नेते आहे, जशी मी शेवंताला ओढा ओलांडून नेत असे. मला खूप आनंद झाला आणि त्याच जागी रडू आलं. बर्फीच्या दुकानासमोर उभी राहून मी रडले. दुकानदारानं पाण्याचा गिलास पुढं केला. "दवाखान्यात कोणी आहे का, माय?"

या वेळी मी "हो" म्हटलं. काय सांगत बसणार?

खोलीवर येऊन वंदनाला विचारलं, "तुले काय वाटते? शेवंताच असन का ते?"

तिनं फोटो दिव्याजवळ नेऊन पाहिला. "मी तिले पाहिलंच नाही, आजी. कशी सांगू?" मग म्हणाली, "पण कोणीतरी आहे ते. तिच्या घरचे पण पाहात असतीन कुठी."

हे माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. मी तिला आजवर शेवंता तरी म्हटलं, नाही तर शेवंता नाही असं तरी म्हटलं. पण शेवंता नसेल, तर ती कोणाची तरी आहेच ना! एक बाई, घर पडलेली, उन्हात खाटीवर बसलेली. तिची पण एखादी बहीण असेल. तिच्याकडं कदाचित पुडी दुसऱ्या बाजूची गेली असेल.

सकाळी आंघोळ करून, कुंकू लावून मी ग्रंथालयात गेले. म्हातारबाबा आधीच व्हरांड्यात येऊन बसले होते. ग्रंथपालांनी डिसेंबरची फाईल काढली, खळीची वाटी आणली.

"कोणत्या पानावर लावू, आजी? तारीख तं नाही. भूकंपाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी लावतो, अंदाजानं."

"तिथं नको. ती दुसरी फाईल काढा. किल्ल्या देल्ल्या ते."

"तिथं कशी लावू? ते तं लय नंतरचं आहे. तारखेनं चूक होईन."

"तारीख तुमच्यापाशी बी नाही न माह्यापाशी बी नाही, भाऊ. सोळा वर्स झाले, ती बाई घराबाहेर बसून आहे. तिले घर द्या."

वंदना तोंड उघडणार होती. शिकलेली पोर, तिच्या कामात असं चालत नाही, मला कळत होतं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा ग्रंथपालांकडं, आणि पदराला हात पुसावेत तसे ओढणीला हात पुसून खळीची वाटी जवळ सरकवली.

ग्रंथपालांनी कागदाच्या एका कडेलाच खळ लावली, म्हणजे मागचे कापसाचे भावही कोणाला पाहता येतील. किल्ल्यांच्या बातमीशेजारी, समासात, तो तुकडा बसवला. खाली शिसपेनीनं बारीक अक्षरात लिहिलं: डाक आवृत्ती, तारीख माहीत नाही. मला वाचून दाखवलं. मग म्हणाले, "बाईचं नाव लिवू का?"

माझ्या ओठावर आलं होतं.

"नका लिवू," मी म्हटलं. "तिच्या घरचे येतीन तं ते लिवतीन."

म्हातारबाबांनी हात पुढं करून पानावरून बोटं फिरवली, जिथं कागद जाड झाला होता तिथं. "हे का?" म्हणाले. "चांगली जागा आहे."

दुपारच्या एसटीनं निघाले. येताना डावी खिडकी धरा, ऊन परत त्याच गावांवर दिसतं. वंदना स्टँडवर गाडी सुटेपर्यंत उभी होती, खिडकीतून माझा हात सोडत नव्हती. कोंढाळीला मी या वेळी भजी खाल्लीच, आणि सांगितलं तेच खरं, घेऊ नका. आर्वीला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती, घरचे बैलगाडी घेऊन उभे. मफलर गळ्यात घातला तर म्हणाले, "एवढ्यासाठी गेलती का?" पण सोडला नाही गळ्यातून.

वाटेत त्यांनी विचारलं, "सापडला का अर्धा?"

"नाही. होता तो पण ठेवून आली."

त्यांनी कासरा सैल सोडला, बैल आपल्या चालीनं चालू लागले. मग ते म्हणाले, "बरं केलं."

आता आठ दिवस झालेत. नागपूरला पेपर वाचायला जाण्यासारखं आहे, एवढं मी सगळ्यांना सांगते. कापूस वेचायला रोज जाते. सकाळी कुंकवाची पेटी उघडते. तो कागद आरशामागं दाटून बसलेला होता, त्यानंच आरसा चौकटीत घट्ट राहत असे, हे मला ठाऊक नव्हतं. आता पेटी जरा सरकवली, की आरसा खुळखुळतो आणि त्यातलं माझं तोंड हालतं. घरचे म्हणतात, कागदाचा दुसरा तुकडा खोच, शेठजीकडं रद्दी पडली आहे. मी खोचत नाही. आरसा हालायचा थांबला, की मग कुंकू लावते.